अपील नाही, तर गोल नाही

चहा घ्या, पण घोट तोंडात असताना पुढचं ऐकू नका. मागे हा किस्सा सांगताना माझ्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला होता आणि मेधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्याबद्दल मलाच चार शब्द सुनावले होते. घोळ मी आयुष्यात पुष्कळ घातलेत. पण दोन देशांचे दोन साहेब एकाच वेळी, हातात हात घालून माझ्या अंगावर धावून आले, असा घोळ हा एकच.

दुबईत मंदी आली होती तेव्हाची गोष्ट. आमची कंपनी दुकानांची आणि ऑफिसांची आतली सजावट करायची. आता बाहेरून इमारतच अर्धी राहिली, तर आतून सजवायचं काय? बर दुबई भागातल्या आमच्या ऑफिसात माणसं नुसती कीबोर्डवर बोटं ठेवून बसायची, कामात आहोत असं दिसावं म्हणून. शेवटी मालकांनी फर्मान काढलं. प्रोजेक्ट मॅनेजर आणि कमर्शियल मॅनेजर या दोघांनी एकत्र बसावं आणि कोणती पाच माणसं कमी करायची ते ठरवावं.

अडचण एवढीच होती, की हे दोघं एकत्र बसत नव्हते. कारण? स्पेन.

प्रोजेक्ट मॅनेजर नबीलसाहेब लेबनॉनचे. माद्रिदच्या पांढऱ्या टीमचे भक्त. कमर्शियल मॅनेजर हानीसाहेब इजिप्तचे. ते बार्सिलोनाच्या लाल-निळ्या टीमचे. दोघांपैकी एकानंही स्पेन पाहिलेला नव्हता, पण तिथल्या लीगवरून दोघांची झोप उडायची. त्या वर्षी दोन्ही टीम अगदी खांद्याला खांदा लावून धावत होत्या. आणि लीग संपत आलेली असताना एका रेफरीनं शेवटच्या क्षणी माद्रिदला पेनल्टी दिली. माद्रिदचा खेळाडू पाडला गेला की आपणहून पडला? झालं. अर्धं ऑफिस म्हणे पाडला, अर्धं म्हणे पडला. दोन साहेबांचं बोलणं बंद झालं ते झालंच. एकाची फाइल दुसऱ्याच्या टेबलावर न्यायची असेल तर ती मी न्यायची.

मी एस्टिमेटर, म्हणजे कामाला खर्च किती येईल त्याचा अंदाज बांधणारा. त्यामुळे निम्मा नबीलसाहेबांचा, निम्मा हानीसाहेबांचा, आणि कामच नसल्यामुळे खरं तर कोणाचाच नाही. पाचांत माझं नाव येणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. शारजाच्या आमच्या घरात मेधानं कार्गोची रिकामी खोकी आणून ठेवली होती. लेक सानिका नुकतीच चौथीत गेलेली. ती रोज विचारायची, "बाबा, आर वी गोइंग बॅक?" मी म्हणायचो, "इन्शाल्ला नाही." मला खरंच जायचं नव्हतं हो. पोरीची शाळा, तिच्या मैत्रिणी, आमचं ते खाडीवरून बोटीनं फिरणं, सगळं अर्ध्यावर टाकून कुठं जायचं?

तर आमच्या ऑफिसात बिजू नावाचा केरळचा ड्राफ्ट्समन होता. त्यानं तोडगा काढला. दोन्ही बाजूंनी सात-सात जण खेळतील, आणि जो जिंकेल त्याचं त्या पेनल्टीबद्दलचं म्हणणं खरं. म्हणजे गडी पडला स्पेनमध्ये आणि त्याचा निवाडा मुहैस्नाहच्या वाळूत. आमच्या कामगारांचा कॅम्प तिथे होता आणि कॅम्पामागे मोकळं मैदान. दोन्ही साहेब एका पायावर तयार झाले. प्रश्न राहिला रेफरीचा. तो निष्पक्ष हवा. आणि अख्ख्या ऑफिसात या दोन टीमांमधलं ओ की ठो कळत नाही असा एकच माणूस होता.

"मिस्टर घारबुरे, आर यू न्यूट्रल?" नबीलसाहेबांनी विचारलं. अरबी जिभेला 'प' जमत नाही, त्यामुळे मी घारपुरे तिथे कायमचा घारबुरे.

"सर, मी क्रिकेटवाला."

"बरफेक्ट," असं म्हणून त्यांनी शिट्टी माझ्या हातात दिली.

आता मला अगदीच नवखा समजू नका. सांगलीला टेनिस बॉलच्या टूर्नामेंटमध्ये मी कित्येक वर्षं अंपायर होतो आणि नियमाला पक्का म्हणून माझं नाव होतं. एकदा फलंदाजाच्या बॅटची कड लागून कीपरनं कॅच घेतला. ढळढळीत आऊट. पण फिल्डिंगवाले आपसातच नाचत बसले, अपील कोणी केलंच नाही. मी दिला नाही. विचारल्याशिवाय आऊट द्यायचं नसतं, कायदाच आहे तसा. त्या दिवशी मला शिव्या पडल्या, पण मान ताठ राहिली.

बिजूनं मला पँट्रीत उभं करून फुटबॉल शिकवला. "हात लगा तो फाउल. धक्का दिया तो फाउल. बॉल लाइन के अंदर गया तो गोल. इतना ही है, सर." मी सगळं पाठ केलं. पण मी पडलो अभ्यासू. प्रत्यक्ष रेफरी कसा वागतो ते पाहायला नको? म्हणून ती स्पेनची पेनल्टी कॉम्प्युटरवर पुन्हा पुन्हा पाहिली. काय दिसलं? गडी पडला. लगेच पाच-सहा पांढरे शर्टवाले हात वर करून, डोळे वटारून रेफरीकडे धावले. आणि मग त्यानं शिट्टी वाजवली. मी म्हटलं, वा, म्हणजे इथेही आपल्यासारखंच आहे. आधी अपील, मग निर्णय. बिजूनं हे सांगितलं नाही, कारण इतकी साधी गोष्ट कोण सांगत बसतं? मी समाधानानं चहा प्यायलो.

शुक्रवारी दुपारची असरची नमाज झाली आणि मॅच सुरू झाली. कॅम्पातले आपले रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे लोक रंगाच्या बादल्या उलट्या घालून कडेला बसले होते. मला पाहून एकानं हाक मारली, "साहेब, आपला माणूस म्हणून तुमच्याकडंच बघतोय हा आम्ही." माझी छाती फुगली.

पहिल्याच दहा मिनिटांत हानीसाहेबांच्या अकाउंटंटनं नबीलसाहेबांच्या नडगीवर सणसणीत लाथ घातली. नबीलसाहेब भले दांडगे गृहस्थ, आडवे झाले ते धुरळा उडवून. फाउल तर सूर्यप्रकाशाइतका स्वच्छ. मी शिट्टी तोंडात धरून त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे आपुलकीनं पाहिलं. विचारा ना साहेब, एकदा विचारा. पण माणूस अभिमानी. पडल्या पडल्या नुसतं आभाळाकडे बघत राहिले. मग मी तरी काय करणार? "प्ले ऑन," म्हणालो आणि निघालो.

असं तीनदा झालं. पांढऱ्या शर्टांत कुजबुज सुरू झाली, की घारबुरेला हानीनं फोडलं.

मग एकदा चेंडू लाल-निळ्यांच्या एकाच्या हाताला लागला. पांढऱ्या बाजूनं खेळणारा बिजू हात वर करून ओरडला, "रेफ! हॅन्ड!" मी ताबडतोब शिट्टी वाजवली. जाता जाता त्याला म्हटलं, "अब पूछा ना, तो मिला." बिजू थबकला. माझ्याकडे बघत राहिला. केरळात क्रिकेटही खेळतात. त्याच्या डोक्यात उजेड पडलेला मला दिसला, पण त्याचा अर्थ कळला नाही. तो धावत गेला आणि त्यानं आपल्या टीमला गोळा करून काहीतरी सांगितलं.

त्यानंतर जे सुरू झालं ते कुठल्या फुटबॉलच्या मैदानावर झालं नसेल. कोणाला नुसतं बोट लागलं तरी सातही पांढरे माझ्याकडे वळून, गुडघे वाकवून बोंब ठोकायचे, "हाऊज दॅट?" मी खरं असेल ते द्यायचो, खोटं असेल तर मान हलवायचो. त्यातच त्यांचा एक गोल झाला, तोही रीतसर अपीलसकट. हानीसाहेब लालबुंद होऊन माझ्याकडे आले. त्यांचं इंग्रजी मी आपल्या भाषेत सांगतो. म्हणाले, "त्यांना सगळं देतोस आणि आम्हाला काहीच नाही?"

"सर, तुम्ही विचारतच नाही."

"विचारायचं असतं?"

"मग? मी आपणहून कसं देऊ?"

हानीसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि यल्ला, म्हणजे चला, म्हणून आपल्या लोकांना धडा द्यायला गेले. पुढे चौदाच्या चौदा जण हाऊज दॅट करू लागले. कडेच्या बादल्यांवरून आपले लोकही साथ द्यायला लागले. दोन मलबारी, तीन पाकिस्तानी आणि एक फिलिपिनो एका सुरात अपील करतायत, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलंय. माझा ऊर भरून आला होता. मला वाटत होतं, मॅच काय शिस्तीत चाललीय.

हानीसाहेबांच्या टीमनंही अपील करून एक गोल फेडला. बरोबरी झाली आणि शेवटची मिनिटं आली. नबीलसाहेबांनी चेंडू घेतला, दोघांना चकवलं आणि जाळ्यात मारला. सुंदर गोल. साहेबांनी शर्ट डोक्यावर ओढला आणि टीव्हीवरच्या खेळाडूंसारखे आंधळे होऊन धावत सुटले. सगळी टीम, गोलकीपरसुद्धा, त्यांच्या पाठीवर जाऊन पडली.

माझ्याकडे कोणी पाहिलंच नाही.

मी थांबलो. नाचणं म्हणजे अपील नव्हे. सांगलीत नव्हतं तर इथे कसं असेल? हात वर न करता, शिट्टी न वाजवता मी जाग्यावर उभा राहिलो. हानीसाहेबांच्या गोलकीपरनं माझ्याकडे पाहिलं, शिट्टी नाही असं बघून जाळ्यातला चेंडू काढला आणि लांब मारून दिला. तिकडे हानीसाहेब एकटेच. समोर गोलपोस्ट रिकामा. त्यांनी चेंडू अलगद आत ढकलला, माझ्याकडे वळले, आणि सवयीनं दोन्ही हात पसरून विचारलं, "हाऊज दॅट?"

मी शिट्टी वाजवली आणि तर्जनी उचलली.

नबीलसाहेबांनी शर्टातून डोकं बाहेर काढलं. काय झालं ते बिजूनं त्यांना सांगितलं. ते माझ्याकडे धावले, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण त्यांच्याही आधी पोचले ते हानीसाहेब, ज्यांना मी जिंकवलं होतं ते.

"तो गोल होता, मजनून!" ते ओरडले. मजनून म्हणजे वेडा. "त्याचा गोल होता तो! मी सबंध सीझन बोंबलतोय की रेफरी माद्रिदला जिंकवतात. आता हा मला मरेपर्यंत ऐकवेल की बार्सिलोनावाला घारबुरेमुळे जिंकला. नको मला असला विजय."

"बरोबर बोलतोय तो," नबीलसाहेब म्हणाले. म्हणाले आणि स्वतःच दचकले.

मग दोघांनी माझ्या दोन बाजूंना उभं राहून, एकानं दम घेतला की दुसऱ्यानं, अशी आळीपाळीनं माझी बिनपाण्यानं केली. माझ्या हातातली शिट्टी काढून घेतली. नंतर दोघंही एका बाकड्यावर कडक चहा घेऊन बसले ते सूर्यास्ताची मगरिबची बांग होईपर्यंत हलले नाहीत. मी लांबून बघत होतो. मधेच माझ्याकडे बोट दाखवत, मधेच कपाळ बडवत, पुढे पुढे तर हसत. मी मेधाला फोन करून सांगितलं, "खोकी भरायला घे. खलास."

रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ऑफिस उघडताच मला बोलावणं आलं. केबिनमध्ये दोघंही शेजारी शेजारी.

"काल आम्ही मालकांकडे गेलो होतो," हानीसाहेब म्हणाले. "सगळ्यांचा पगार थोडा थोडा कापायचा, आमचासुद्धा. माणूस एकही जाणार नाही. हाताशी आहे तेवढं काम करत राहू. दिवस फिरतील."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सानिकाची शाळा डोळ्यांपुढे आली. म्हटलं, "सर, माझ्या कामावर तुम्ही जो विश्वास दाखवलात..."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कामाचा विषय निघाला नाही," नबीलसाहेब म्हणाले. "खरं सांगू, हबीबी? आम्हा दोघांच्याही मनात पहिलं नाव तुझं होतं. पण सीझन सुरू झाल्यापासून आम्हा दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. शुक्रवारी झालं. तुझ्याइतका गाढव रेफरी जगात नाही, यावर. तिथून बोलणं सुरू झालं ते या निर्णयापर्यंत आलं. आता तुला घालवलं आणि उद्या आम्ही पुन्हा भांडलो, तर आम्हाला एकत्र कोण आणणार? एस्टिमेटर काय, कुठेही मिळतो."

मी धावत घरी गेलो नाही एवढंच. फोनवर मेधाला सगळं सांगितलं, अगदी शब्दनशब्द. पलीकडे तिच्या रडण्याचा आवाज आला, मग हसण्याचा, आणि मग खोकं उलटं करून भांडी बाहेर काढल्याचा.

"हुशारीवर व्हिसा मिळाला होता तुला," ती म्हणाली. "टिकला मात्र बावळटपणावर."