विभूते सरांचे चाळीस सेकंद

विभूते सर शिकवता शिकवता मध्येच कॅमेऱ्याकडे बघून गप्प बसत. ओठ मिटलेले, मान स्थिर, पापणीसुद्धा हलत नसे. मी घड्याळ लावून मोजलं होतं. चाळीस सेकंद, एखादा कमी-जास्त. मग ते म्हणत, "हां. आता बरोबर," आणि पुढची रेघ ओढत. त्यांच्यासमोर कॅमेरा सोडून कुणी नसे. पण त्याच वेळी दीड किलोमीटरवर आमच्या घरी माझी मुलगी वैशाली टीव्हीसमोर बसून कागदावर काढलेल्या घागरीचं तोंड दुरुस्त करत असे. ते जमून तिनं पेन्सिल उचलली की टीव्हीतून आवाज येई, "आता बरोबर." पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला बरं वाटलं नव्हतं. मी उठून खिडकीचा पडदा ओढला होता, हे आठवतं.

बीडमध्ये तेव्हा केबल नवीन होती. गच्च्यांवरून काळ्या वायरी गेल्या होत्या आणि ज्यांच्याकडे कालपर्यंत एकच चॅनल दिसायचं त्यांच्याकडे वीस-बावीस दिसू लागली होती. माझा शाळेपासूनचा मित्र सादिकभाई स्टँडच्या मागं एका माडीवरून केबल चालवायचा. एक चॅनल त्याचं स्वतःचं होतं. त्यावर लग्नाच्या कॅसेट आणि दुकानांच्या जाहिराती लावायचा. एके दिवशी निवृत्त ड्रॉइंग मास्तर विभूते सर त्याच्या माडीचा जिना चढून आले आणि म्हणाले, "शनिवार-रविवार पाच वाजता तुमचं हे चॅनल मला द्या. ड्रॉइंगच्या परीक्षेला बसणारी पोरं हायेत, त्यांना शिकवतो." शाळेत सादिकभाईनं त्यांचा मार खाल्ला होता. त्याला नाही म्हणता आलं नाही. लग्नाचा कॅमेरा तिवईवर उभा राहिला, भिंतीला पांढरा कागद लागला, आणि वर्ग सुरू झाला.

सरांची वाक्यं लवकरच गावात पोरांच्या तोंडी आली. "रेघ खोडू नको. चुकलेली रेघ राहू दे, बरोबर रेघ कुठं हाय ते तीच दाखवते." कपिलधारचा धबधबा शिकवला त्या दिवशी म्हणाले, "पाणी काढायचंच न्हाई. दगड काढा, झाडं काढा, सावली काढा. राहिलं ते पाणी." आणि खरोखर त्यांनी कागदाचा मधला पट्टा कोरा ठेवला तेव्हा पडद्यावर पाणी पडताना दिसलं. माझी बायको सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं बाई." मी तिकडं लक्ष दिलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास सादिकभाईनं मला बोलावलं. फ्रीजच्या एका दुकानदाराला नेमकी तीच वेळ हवी होती. "शेटे, मास्तर माझे उस्ताद हायेत, पण किती पोरं बघतात हे तरी कळू दे की बे. कुणीच बघत नसंल तर मी कुणासाठी लावू?"

मी पाटबंधारे खात्यात मोजणीच्या टेबलावर होतो. न मोजता कुणी काही बंद करावं हे मला पटत नाही. मी चिठ्ठ्या छापून घेतल्या. वर्गातलं काय आवडतं आणि काय सुधारावं, असे दोनच प्रश्न. दोन रविवार घरोघर फिरून त्या वाटल्या आणि गोळा केल्या. सत्तेचाळीस भरून आल्या.

त्या घेऊन मी सरांच्या खोलीवर गेलो. ते एकटेच राहत. मी चिठ्ठ्या पुढं केल्या तर त्यांनी हात पुढं केला नाही. म्हणाले, "तुम्हीच वाचा. मी ऐकतो."

आवडलेल्या गोष्टी ऐकताना ते हसत होते. शाळेत मागच्या बाकावरून फळा दिसत नाही, इथं सरांचा हात मोठा दिसतो. चुकलं तर शेजारचा हसत नाही. सर ओरडत नाहीत. मग सुधारणा. सरांचा पंजा आडवा येतो, रेघ कुठून निघाली ते कळत नाही. लाइट गेली की पाठ बुडतो, परत दाखवावा. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट आहे, रंग तोंडानं सांगावा. सर प्रत्येक वाक्यावर मान हलवत होते. "काठीला कोळसा बांधतो, मग पंजा आडवा येणार न्हाई. रंगाचं बरोबर हाय. पुढं?"

पुढची गोष्ट एकतीस चिठ्ठ्यांत होती. सरांनी आमचं चित्र बघावं.

मी म्हणालो, "हे सगळ्यात सोपं आहे, सर. पोरांची चित्रं मी गोळा करून आणतो. तुम्ही कॅमेऱ्यापुढं धरा आणि चुका सांगा. सादिकभाईही गप्प बसेल."

सर गप्प झाले. अगदी तसेच, कॅमेऱ्याकडे बघतात तसे. मी घड्याळ बघितलं नाही, पण तो वेळ चाळीस सेकंदांपेक्षा मोठा होता.

"शेटे," ते म्हणाले, "मी आता तुमच्याकडं बघतोय ना?"

"हो."

"मला तुमचे कान दिसतात. खांदे दिसतात. मागचा दरवाजा दिसतो. तोंडाच्या जागी राखेसारखा डाग हाय. जिकडं बघावं तिकडं तो डाग जातो. दोन वर्षं झाली." त्यांनी समोरच्या चिठ्ठ्यांवर बोट ठेवलं. "कागद दिसतो. कागदावरचं न्हाई. माझं मी काढतो ते हाताला पाठ हाय म्हणून. पोरानं काय काढलं ते मला आता ह्या जन्मात दिसायचं न्हाई."

मी चिठ्ठ्या एकावर एक नीट रचल्या. शेवटी विचारलं, "मग तुम्ही 'आता बरोबर' म्हणता ते?"

"पोरं सुधारतात तेवढ्या वेळात. चाळीस वर्षं हेच केलंय. पण त्यांना ते पुरत न्हाई. बरोबरच हाय त्यांचं. न बघता शिकवणारा मास्तर कसला?" मग जरा पुढं वाकून म्हणाले, "ही गोष्ट सादिकला कळली की तो मला हाताला धरून जिन्यावरून खाली सोडंल. प्रेमानं सोडंल, पण सोडंल. मला शिकवायचं हाय, शेटे. एक काम करता? पोरांची चित्रं नका आणू. पोरं बसतात कशी तेवढं मोजून आणा."

मी मोजायची टेप घेऊन पुन्हा फिरलो. ज्या ज्या घरातून चिठ्ठी आली होती तिथं टीव्ही जमिनीपासून किती उंच, पोर टीव्हीपासून किती लांब, समोर बसतं की कडेला, कागद जमिनीवर की मांडीवर, भिंतीला टेकतं का, घरात बघणारे किती, हे सगळं वहीत रकाने आखून लिहिलं. लोक हसले. एका बाईनं विचारलं, "साहेब, टीव्हीवर टॅक्स बसणार हाय का?" बहुतेक घरांत टीव्ही शोकेसवर किंवा कपाटावर चढवलेला आणि पोर खाली चटईवर, मान वर करून बसलेलं.

सरांच्या खोलीवर मी ती वही वाचत गेलो आणि सर डोळे मिटून ऐकत गेले. "खालून वर बघितलं की घागर बुटकी दिसते. सगळ्यांनी बुटक्या काढल्या असतील. कागद मांडीवर असला की घागरीची मान लांब होते. ह्या पोरीची घागर उजवीकडं कलली असंल, ती दाराजवळ कडेला बसते." मी दुसऱ्या दिवशी त्या पोरीच्या घरी गेलो. घागर उजवीकडे कलली होती. सरांना सांगितलं तर त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. "चूक पोराची नसते, शेटे. बसण्याची असते. बसणं कळलं की चूक कळली."

त्यानंतरचे पाठ ज्यांनी पाहिले ते अजून त्यांच्याबद्दल हळू आवाजात बोलतात. सर घागर काढता काढता थांबत आणि म्हणत, "भिंतीला टेकून बसलायस तो, भिंत सोड. तुझी घागर बसकी झालीय." आणि गावात आठ-दहा पोरं एकदम भिंत सोडत. "दाराजवळची, जरा मधे सरक." शेजारच्या घरातली एक लहान मुलगी ते ऐकून रडायला लागली आणि तिच्या आजीनं टीव्हीवर टॉवेल टाकला. पण टॉवेल पुढच्या शनिवारी निघाला. बघणारे वाढले. सादिकभाईनं फ्रीजवाल्याला सकाळची वेळ दिली. मला एकदा जिन्यात गाठून म्हणाला, "खरं सांग, मास्तरांना काही विद्या येते का?" मी म्हणालो, मला माहीत नाही. माझ्या हिशेबी स्वभावाला ते खोटं बोलणं बरेच दिवस टोचत राहिलं.

थंडीत सरांनी स्वतःच सांगितलं, आता कॅसेटवर भरून घ्या. त्यांच्या डोळ्यांतला उरलेला कडेचा उजेडही कमी होत होता. दोन आठवडे रोज दुपारी येऊन त्यांनी वीस पाठ भरले. लाइट गेलेल्यांसाठी पाठ परत दाखवता येईल, असं त्यांनी सादिकभाईला कारण दिलं. प्रत्येक पाठात रंग तोंडानं सांगितला: "पिवळ्यात चिमूटभर निळा, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा." प्रत्येक पाठात ते गप्प बसले. नववा पाठ लागण्याआधीच्या गुरुवारी सर झोपेत गेले.

सादिकभाई उरलेल्या कॅसेट लावायला तयार नव्हता. "मातीला आपण जाऊन आलो, शेटे. आता तेच मास्तर पाच वाजता पोरांशी बोलणार? माझ्या अंगावर काटा येतो." मी म्हणालो, पाठ त्यांनी भरलेत, पोरांची परीक्षा आहे, लावायला हवेत. त्यानं लावले. लावताना तो त्या खोलीत थांबत नसे. बाहेर जिन्यात बसून विडी ओढायचा.

आठवडाभरानं मी पुन्हा चिठ्ठ्या वाटल्या, तेच दोन प्रश्न. बावन्न आल्या. सरांनी आमचं चित्र बघावं, असं लिहिणारी एकही नव्हती. मी दोनदा तपासलं. उलट एका पोरानं लिहिलं होतं, "सरांना सांगा, मी आता भिंतीला टेकत नाही." तो पोरगा सरांच्या मातीला आला होता. मी त्याला पाहिलं होतं.

इथपर्यंतचं मला समजतं. उंची, अंतर आणि चाळीस वर्षांचा अनुभव, यातून ते सगळं येतं. वैशालीला मी ते तेव्हाच कागदावर आकृती काढून समजावलं होतं.

विसावा, शेवटचा पाठ लागला तेव्हा मी घरी होतो. वैशाली चटईवर, टीव्हीच्या बरोबर समोर, कागद पाटावर. सरांनी घागर काढली, तोंडाची रेघ अर्धी ओढली आणि काठी खाली घेतली. मी सवयीनं घड्याळाकडे बघितलं. पण ते गप्प बसले नाहीत. म्हणाले, "दारात उभं राहून बघताय त्यांनी आत यावं. तुमचा हात अजून गेला न्हाई. बसा."

मी मागं वळलो. स्वयंपाकघराच्या दारात सुनंदा उभी होती, हातात पोळपाट पुसायचं फडकं. लग्नाआधी माहेरी, कडा गावात असताना तिनं ड्रॉइंगची पहिली परीक्षा दिली होती, हे मला माहीत होतं. इतके महिने दर शनिवारी आणि रविवारी ती तिथंच उभी असायची, हेही बहुधा माहीत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग टीव्हीकडे. ती आत आली, फडकं खाली ठेवलं आणि वैशालीजवळ बसली. वैशालीनं तिला एक कागद दिला.

सर आमच्या घरी कधी आले नव्हते. मी उठून वही काढली. आमच्या घराच्या ओळीत टीव्हीची उंची होती, अंतर होतं, पाट होता. बघणारे: एक. उभं राहणाऱ्यांसाठी रकाना मी आखलाच नव्हता, कुठल्याच घरासाठी. मी जे मोजलं नव्हतं ते सरांना कुणी सांगितलं?

टीव्हीवर सर आता गप्प होते. आमच्याकडे बघत होते, म्हणजे आमच्या कानांकडे, खांद्यांकडे, मागच्या दाराकडे. दार आता रिकामं होतं. सुनंदाच्या पेन्सिलीचा खरखर आवाज येत होता. तिनं तोंडाची रेघ एकदा चुकवली, खोडली नाही, तिच्याच बाजूला दुसरी ओढली. मग तिनं पेन्सिल उचलली.

"हां," सर म्हणाले. "आता बरोबर."

मी घड्याळ बघायचं विसरलो होतो.