ड्रोन गेटच्या आत कसा आला

ड्रोन आमच्या गेटच्या आत, ट्रकचं वजन करतात त्या काट्याशेजारी उतरला. पडला नाही, अलगद उतरला. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. समोरच्या यार्डात नव्या मॉडेलच्या आठ गाड्या कापड घालून उभ्या होत्या. बाजारात येईपर्यंत त्यांचा फोटो बाहेर जाऊ न देणं हे माझं काम. चाकणच्या त्या कारखान्यात मी सिक्युरिटी ऑफिसर होतो.

दहा मिनिटांत गेटवर एक जण धापा टाकत आला. गणेश, लग्नांचं शूटिंग करणारा. डोक्याला फेटा, गळ्यात रिमोट. तोवर प्लँट हेड खाली आले होते.

"कोणी पाठवलं तुला?"

"कोन पाठवतंय साहेब? वरातीचं शूटिंग चाललंय. तुमचा काटा हाय ना, तिथं आमची वांगी होती. कंपनी बघायला मला ड्रोन कशाला लागतोय?"

गार्ड हसले. साहेब हसले नाहीत. "कार्ड फॉरमॅट करा. पोलिसांना कळवा."

फॉरमॅट म्हणजे कार्डावरचं सगळं पुसणं. गणेशचा आवाज उतरला.

"त्याच्यावर सकाळची हळद पन हाय. माझं काय बी करा, साहेब. लग्न परत लावता येत न्हाई."

मी रिमोटवरचा नकाशा बघायला मागितला. ड्रोन जिथून उडतो ती जागा लक्षात ठेवतो, गणेशने सांगितलं. बॅटरी संपत आली की आपणहून तिथंच परततो. नकाशावर त्या जागेची खूण आमच्या काट्याशेजारी होती. म्हणजे ड्रोन बाहेरून घुसला नव्हता. आतूनच उडाला होता.

"मग याला आत सोडलं कोणी?" साहेबांनी विचारलं.

मी गेटचं रजिस्टर आणलं. पाच वाजून पाच मिनिटं. वरातीचा टेम्पो, एक. कारण: रस्ता जाम, कंपनीच्या बसेसना वाट. खाली सही माझी.

शिफ्ट सुटली होती, म्हणून टेम्पो मीच आत घेतला आणि बसेस काढायला रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात गणेशने टेम्पोच्या हौद्यातून ड्रोन उडवला. रस्ता मोकळा झाल्यावर टेम्पो वरातीमागे गेला. ड्रोनला हे माहीत नव्हतं.

"चूक गेटची आहे, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं. "पोलीस राहू द्या. यार्ड दिसतंय तेवढं काढा, बाकीचं त्याचं त्याला द्या."

यार्ड दोनदा दिसत होतं, उडताना आणि उतरताना. आयटीवाल्याने तेवढंच कापलं. गणेशने आमच्यासमोर उरलेलं तपासलं.

"तुमी पन दिसताय की. वरातीपुढं हात करून बस काढताय. ठेवू का?"

"ठेव," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मला लेखी समज मिळाली. रजिस्टरमध्ये नवा रकाना आला: वाहनात ड्रोन आहे का? माझ्यापुरतं मी एवढं शिकलो, की आगंतुकाची चौकशी आपल्याच रजिस्टरपासून सुरू करावी. वेळ वाचतो.