सारवलेली राख

नातवानं काल ट्रॅक्टरची फुटकी बॅटरी गोठ्याजवळ आणून ठेवली. तो आंबट, नाकात झोंबणारा वास आला आणि मी ओरडले, "उचल आधी! गुरांपासून लांब ने!"

"आजी, कावून एवढी भेती?"

कावून? कारण तुझी आजी एके काळी गावातली सगळ्यात हुशार सून होती. गावाबाहेर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी होती. मालक ती टाकून निघून गेला, करड्या राखेचा ढीग तेवढा मागं राहिला. मी दोन टोपल्या राख आणली, शेणात कालवली आणि अंगण सारवलं. जमीन पाटीसारखी गुळगुळीत झाली. शेजारची सखूमावशी म्हणाली, "लई देखणं झालंय गं. वासरूबी बघ कसं चाटतंय!" माहेरहून आलेल्या गाईचं ते पहिलं वासरू. मी कौतुकानं बघत उभी राहिले.

चार दिवसांत ते दात खाऊ लागलं, आंधळ्यागत भिंतीवर धडकू लागलं आणि गेलं. मी लगेच ओळखलं, मावशीची नजर लागली! तिच्या दारात जाऊन नाही नाही ते बोलले. ती रडत म्हणाली, "पोरी, म्या गं काय केलं?"

पुढं शेळ्याही तशाच गेल्या, तेव्हा गुरांच्या डॉक्टरनं राखेतल्या शिशाचं सांगितलं. मावशीला जाऊन तोवर वर्ष झालं होतं. जिवंत होती तोवर ती माझं दार चुकवून लांबच्या वाटेनं पाण्याला जायची. आणि मी, हुशार बाई, नजर टळली म्हणून दर सणाला त्याच राखेनं अंगण सारवायचे.