हत्तीच्या सोंडेवरची पातेली

डोक्याला फेटा बांधून झाला, तेव्हा कुठं मला कळलं की आपण परक्याच्या लग्नात उभे आहोत.

नातीला बागेतली हत्तीची घसरगुंडी दाखवायची म्हणून आम्ही नवरा-बायको तिला घेऊन परंड्याहून एसटीनं जिल्ह्याच्या गावी आलो होतो. बदली होऊन ते गाव सुटलं, त्याला बरीच वर्षं झालेली. बागेच्या जागी नवी कमान दिसली. मला वाटलं, सुधारणा झाली. दारातल्या माणसाला विचारलं, "तिकीट कुठं?"

"जेवणाला कसलं तिकीट, पाव्हणं? आधी फेटा बांधून घ्या."

मी लगेच डोकं पुढं केलं. फुकट म्हटलं की माझं डोकं आपोआप पुढं होतं.

आत मंगल कार्यालय! गावानं वर्गणी काढून, खाणीचा खड्डा बुजवून केलेली बाग होती ती. तीन डब्यांची आगगाडी होती. इंजिन वरचेवर रुसायचं, मग माळीकाका मागून ढकलायचे. ती गाडी म्हणे दुरुस्तीला गेली. मग पाळणे गेले. मग कुलूप लागलं. हे सगळं फेटेवाल्यानं पाऊसपाण्याची बातमी द्यावी तसं सांगितलं. बाग देऊन टाकायच्या कागदावर सही कुणी केली, विचारलं कुणाला? कुणालाच ठाऊक नाही!

हत्ती मात्र होता, भटारखान्यामागं. त्याच्या सोंडेवर धुतलेली पातेली निथळत होती. नात खाली उभी राहून बघत होती.

"पातेली काढा. पोरीला एकदा घसरू द्या," मी आचाऱ्याला म्हणालो.

"मामा, पंगत उठायलीय. आता न्हाय जमणार. आन् पुढल्या आठवड्यात ह्यो बी पाडणारेत. गाड्या लावायला जागा पुरंना."

मग मात्र माझा तोल गेला. "गाड्यांना जागा पाहिजे, अन् पोरांनी जायचं कुठं? रस्त्यावर?" माझा आवाज मांडवात पोचला. नवरीचे वडील धावत आले, हात जोडून म्हणाले, "पाव्हणं, काय कमी पडलं? तुम्ही कुणाकडचे?"

मी कुणाकडचाच नव्हतो. फेटा काढून त्यांच्या हातात दिला आणि नातीचं बोट धरून बाहेर पडलो. ती घसरली नाही ती नाहीच.

स्टँडवर येईपर्यंत मी एकटाच तणतणत होतो. बाकावर टेकल्यावर बायको म्हणाली,

"आपल्या पोरी लहान होत्या, तेव्हा तुम्ही रविवारी पत्ते कुटायला जायचात. त्या हत्तीवर त्यांना मी चढवायची. भांडायचंच होतं, तर मला पुढं करायचं होतं."