वळताना वाजणारी गाडी

तान्ह्या पोळ्याचा तो दिवस माझ्या डोक्यातून अजून जात नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसाचा रागही गेलेला नाही. निवृत्त झालो, रक्तदाब लागला, डॉक्टरांनी चिडू नका म्हणून बजावलं. पण ही केस आठवली की गोळीचा काही उपयोग होत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. आमच्या भागात मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडाचे बैल घेऊन निघतात, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. पोरांचा सण पोरं करतात आणि बापलोक बाटली उघडतात. त्यामुळे त्या दिवशी रस्त्यावर काहीही झालं तरी ठाण्यात एकच वाक्य ऐकू येतं, "पेलेला असन."

मी बंदोबस्तावर होतो. दुपारी वायरलेसवर निरोप आला की पुलगावहून देवळीकडे जाताना वळणावर एक पांढरी भाड्याची मोटार रस्ता सोडून बाभळीवर आदळली. आत एक म्हातारी बाई आणि तिची मुलगी होती. म्हातारी जागीच गेली, असं निरोपात होतं. मुलीच्या डोक्याला मार लागला, ती बेशुद्ध होती. ड्रायव्हर नाचणगावचा, त्याचा पाय मोडला. मी ठाण्यात पोचेपर्यंत गाडीचा मालक माझ्या खुर्चीसमोर बसून चहा पीत होता. आमच्या जमादारानंच तो पाजला होता.

हा मालक म्हणजे सरकी आणि ढेपेचा, गुरांच्या पेंडीचा, मोठा व्यापारी. जोडीला भाड्याच्या गाड्या चालवायचा. कपाळावर ठसठशीत टिळा, आवाज मधाचा.

"काय सांगू साहेब," तो म्हणाला, "घरच्यासारखा ठेवला होता त्याले. पण जात का सवय? पव्वा मारून गाडी चालवली. सीटखाली बाटली सापडली, पंचनाम्यात घेतली जमादारसाहेबांनी. शर्ट नुसता वास मारून राह्यला. बिचारी म्हातारी!"

बिचारी म्हणताना त्यानं डोळे पुसले. मी रुमालाकडे बघितलं, तो कोरडा होता. पण रुमालावर गुन्हा दाखल होत नाही. भरधाव गाडी चालवून मृत्यूस कारणीभूत म्हणून दोनशे एकोणऐंशी, तीनशे चार अ लागलं, वरून दारूचं कलम. संध्याकाळपर्यंत म्हातारीच्या गावचे लोक काठ्या घेऊन दवाखान्याच्या फाटकावर उभे. ड्रायव्हरच्या बायकोला त्यांनी आत जाऊ दिलं नाही. "दारुड्याची बायको" म्हणून तिच्या अंगावर धावले. मला तिथं दोन शिपाई बसवावे लागले.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरचा जबाब घ्यायला गेलो. पाय प्लास्टरमध्ये, ओठ फुटलेला.

"किती घेतली होती?" मी विचारलं.

"साहेब, मी दारूले शिवत नाई. माया बाप दारूनं गेला. रक्त घ्या मायं, आतडं काढून पाहा."

"मग शर्टाला वास कसला?"

"मले नाई माहीत. मले चक्कर आलती. कोणीतरी अंगावर काहीतरी ओतलं, गार लागलं, येवढंच आठवते."

डॉक्टरांनी रक्ताचा नमुना आदल्या दिवशीच घेतला होता. पण रासायनिक तपासणीचा अहवाल यायचा तेव्हा येतो, तोवर माणसाचं काय व्हायचं ते होऊन जातं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की शर्ट दारूनं चिंब होता, पण आणला तेव्हा तोंडाला वास नव्हता. पिणाऱ्याच्या तोंडाला वास नाही आणि शर्ट भिजलेला, हे कसं शक्य आहे हो?

मी परत त्याच्याजवळ बसलो. "मग गाडी गेली कशी झाडावर?"

"वाजत होती ना साहेब ते! आठ-पंधरा दिवसांपासून. स्टेरिंग वळवलं का खट्. सरळ केलं का पुन्हा खट्. सरळ रस्त्यानं काई नाई. शेठले सांगून थकलो. त्या वळणावर मोठ्यानं खटकन झालं, अन् स्टेरिंग हातात फुकटच फिरलं. चाकं गेले सरळ."

नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं मी मोटार परिवहन विभागात काढली होती. तो काय सांगतोय ते मला पक्कं कळलं. स्टेरिंग चाकाला वळवतं ते एका दांड्यानं, त्याला गॅरेजवाले टायरॉड म्हणतात. त्याच्या टोकाला एक गोळा वाटीत बसवलेला असतो, तो जॉइंट. वाटी झिजली की गोळा आत खुळखुळतो. वळवताना एका बाजूला आपटतो, परत आणताना दुसऱ्या बाजूला. म्हणून सरळ रस्त्याला आवाज नाही, वळणाला खट्. तपासणं अगदी सोपं आहे. गाडी उभी करायची, एकानं स्टेरिंग थोडं डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्यानं खाली जॉइंटवर हात ठेवायचा. झिजलेला असला तर बोटांना धक्का बसतो. असल्या गाडीत सवारी बसवू नये हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

पण दारुड्या ठरलेल्या माणसाच्या बोलण्याला वजन कोण देणार? वजन आलं ते म्हातारीच्या मुलीकडून. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. शुद्धीवर आल्यावर तिनंच निरोप पाठवला की ठाणेदारांना भेटायचंय. डोक्याला पट्टी, आई गेल्याचं तिला सकाळीच सांगितलेलं. रडून रडून आवाज बसला होता.

"साहेब, लोक त्या भाऊले दारुड्या म्हणून राह्यले. तो पेला नव्हता. मी त्याच्या मागच्याच सीटवर होती. अन् एक सांगतो, गाडी ठरवाले आम्ही शेठच्या वाड्यात गेलतो, तवा माझ्यासमोर तो म्हणाला, शेठजी, गाडी वाजून राह्यली, दुसरी द्या. शेठ म्हणे, वाजू दे, देवळीलेच तर जायचं हाये, जाऊन येजो. मी आपल्या कानानं आइकलं. माझी माय बी म्हणे, काऊन वाजते जी गाडी?"

एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. मी बाहेर आलो आणि तिथूनच जमादाराला विचारलं, गाडी कुठाय? तर उत्तर आलं, "साहेब, ठाण्यात जागा नव्हती. शेठच्याच गोदामाच्या आवारात ठेवली, सांभाळून."

सांभाळून! ज्याच्यावर संशय जाऊ शकतो त्याच्याच आवारात पुराव्याची गाडी! मी त्या जमादाराला काय काय बोललो ते इथं छापण्यासारखं नाही. नंतर त्याच्यावर खात्यानं कारवाईही केली.

शेठला बोलावलं. त्याला अजिबात घाम फुटला नाही.

"आवाज? साहेब, जुन्या गाड्या वाजतच राह्यतात. बाई बिचारी डोक्यावर पडली, तिले काय समजते? अन् जॉइंटचं म्हणाल तर नवा कोरा हाये. रोहिणीत टाकला, पावसाळ्याच्या आधी. आपुन स्वतः उभं राहून टाकला. जा ना, पाहून घ्या."

इतक्या आत्मविश्वासानं माणूस 'पाहून घ्या' म्हणतो तेव्हा पाहूनच घ्यावं. मी मोटार वाहन निरीक्षकांना घेतलं, दोन पंच घेतले, आणि गोदामात गेलो. पोतं अंथरून स्वतः गाडीखाली शिरलो. पुढचा सगळा सांगाडा काळ्या मातीनं लिंपलेला होता, वाळून खरपुडी झालेली. मृगापासून ती गाडी चिखलातच तर फिरत होती. टॉर्च पुढे नेला. उजव्या चाकाचा जॉइंट खरंच नवा होता. मातीचा कण नाही. आणि त्याच्यावर हळदीचं बोट, त्यावर कुंकवाचा टिळा. लालभडक. बोटाच्या रेषाही दिसत होत्या.

मी टॉर्च तिथंच धरून ठेवला. निरीक्षक म्हणाले, "काय झालं साहेब?" मी म्हटलं, "तुम्हीच या खाली." फोटो घेतले, पंचनामा केला, पंचांच्या सह्या झाल्या.

शेठला ठाण्यात बसवलं. चहा मागवला. मी आवाज चढवला नाही, चढवावासा फार वाटत होता तरी.

"शेठजी, तुम्ही देवाधर्माचे. नवी वस्तू आणली की पूजा करत असाल."

तो फुलला. "म्हणजे काय साहेब! आमच्या घरची रीतच हाये. नवं लोखंड असो, तराजू असो, गाडीचा नट जरी असला ना, तरी हळदकुंकवाशिवाय लावत नाई. नोकरावर नाई सोडत, आपल्या हातानं लावतो."

"या जॉइंटला पण लावलं?"

"लावलं ना!"

"कधी?"

"सांगतलं ना, रोहिणीत."

"आणि मग मृग गेला, आर्द्रा गेली, अख्खा श्रावण गेला. गाडी रोज चिखलातून, नाल्याच्या पाण्यातून. बाजूचं सगळं लोखंड मातीनं लिंपलं. आणि तुमचं कुंकू तेवढं पुसलं नाही?"

त्याचा कप तोंडाशी गेलेला तिथंच राहिला.  मग हळूच म्हणाला, "देवाची कृपा, साहेब."

अहो, देवाची कृपा! एक म्हातारी मेली, एक माणूस पाय मोडून पडलाय, त्याच्या बायकोला लोक फाडून खायला निघालेत, आणि या गृहस्थाच्या जॉइंटवर देवाची कृपा! मी इतक्या जोरात टेबलावर हात आपटला की बाहेरचा पहारेकरी आत डोकावला.

त्यानंतर मात्र तो ढेपाळला. आधी गॅरेजच्या मिस्त्रीवर ढकललं. मिस्त्रीला आणला, त्यानं रडतच सांगून टाकलं की अपघातानंतर शेठनं गोदामात बोलावून जॉइंट बदलायला लावला, नाही म्हटलं तर बाकीच्या गाड्यांचं काम बंद करीन म्हणाला. कुंकू शेठनंच लावलं. खोटा पुरावा तयार करतानासुद्धा हात आपोआप कुंकवाच्या डबीकडे गेला! मिस्त्री म्हणे, "मी म्हटलं बी, शेठजी, आता काऊन लावता? तर म्हणे, नवी वस्तू हाये, अशी कशी लावू?"

मग पुरावा कायद्याच्या कलम सत्तावीसखाली शेठचं निवेदन घेतलं, आणि तो पंचांसमोर आम्हाला सरकीच्या ढिगाशी घेऊन गेला. हमालांनी ढीग उपसला. खालून जुना जॉइंट निघाला. मी हातात धरला तर गोळा वाटीतून निखळून तळहातावर आला. वाटीची कड पार झिजून गेली होती.

एक प्रश्न उरला होता, शर्टाचा. तो मी शेवटी विचारला. अपघात झाल्यावर एका ट्रॅक्टरवाल्यानं गाडी ओळखून आधी शेठलाच सांगितलं होतं. शेठ स्वतःच्या जीपनं धावला, पोलिसांच्या आधी पोचला. जीपमध्ये हमालांना पोळ्याचे म्हणून वाटायला आणलेले पव्वे होते.

"एक फोडून त्याच्या अंगावर ओतला, अन् बाटली सीटखाली सरकवली?"

त्यानं मान डोलावली.

"तेव्हा म्हातारी गेली होती?"

 

"कण्हत होती साहेब थोडी," तो म्हणाला.

जीप उभी होती. चालू स्थितीतली, मोकळी जीप. दवाखाना लांब नव्हता. डॉक्टर म्हणतात वाचली असती की नाही सांगता येत नाही. पण या माणसानं तिला उचललं नाही, बाटली उचलली. माझ्या सगळ्या नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. रागाच्या भरात कुऱ्हाड चालवून नंतर ऊर बडवणारे पाहिले. कण्हणाऱ्या बाईच्या शेजारी उभं राहून शांतपणे बाटलीचं बूच फिरवणारा मात्र हा एकच.

कलमं बदलली. सदोष मनुष्यवध लावला, पुरावा नष्ट करणं लावलं, खोटा पुरावा लावला. रक्ताचा अहवाल नंतर आला, दारूचा अंश नव्हता. न्यायालयानं शेठला शिक्षा दिली, माझ्या मते कमी दिली. जामिनावर सुटला त्या दिवशी बाजारातल्या काही प्रतिष्ठितांनी त्याच्या गळ्यात हार घातला होता, तेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

या केसनं मला काय शिकवलं असं कोणी विचारतं. मला एवढंच समजलं की सणाचा दिवस, गरीब ड्रायव्हर आणि दारूचा वास या तीन गोष्टी जुळल्या की आपण सगळे, पोलीसही, तपास संपवूनच बसतो. त्यानंतर मी ठाण्यात सक्त हुकूम काढला होता. अपघातात 'पेलेला होता' असं सांगणारा जो पहिला येईल, त्याचाच जबाब आधी नीट घ्यायचा, तो तिथं कसा आणि केव्हा पोचला ते विचारायचं.

म्हातारीच्या तेरवीला मुलीनं मला बोलावलं होतं. मी साध्या कपड्यात गेलो. ज्यांनी काठ्या आणल्या होत्या तेच लोक वाढायला होते. ड्रायव्हरला बैलगाडीत घालून आणलं होतं, बायको बरोबर होती. तो अंगणाच्या कडेलाच थांबला, पुढे येईना. मुलगी स्वतः गेली, त्याचा हात धरून त्याला पहिल्या पंगतीत बसवलं. मोडका पाय लांब करून बसता यावा म्हणून खाली चादर घडी करून दिली. कोणीतरी कुजबुजलं. ती वळून मोठ्यानं म्हणाली, "कोणाले काई बोलायचं असन तर मले बोला. माझी माय बसायच्या आधीच यानं गाडी बदला म्हणून सांगतलं होतं."

त्यानं पानाला हात लावला नाही. म्हणाला, "बाई, म्या गाडी नेलीच नसती तर..."

"तुम्ही नसती नेली तर त्यानं दुसऱ्याले पाठवला असता, भाऊ," ती म्हणाली, आणि पहिली पोळी तिनं त्याच्या पानात वाढली. "जेवा आता."

तो खाली मान घालून जेवायला लागला. त्याची बायको माझ्या मागे भिंतीला टेकून उभी होती. दवाखान्याच्या फाटकावर तिच्या अंगावर धावून गेलेल्यांपैकी एक जण पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याजवळ आला. तिनं तो घेतला नाही.