खडकाएवढी सावली

शारजातल्या आमच्या बाल्कनीत दुपारी कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात वाऱ्याने दार आपटलं आणि लॅच लागलं. फोन आत. मुलगाही आत, कानाला हेडफोन लावून. मी अनवाणी, आणि फरशी तव्यासारखी. दारावर थापा मारत एकेक पाय उचलत राहिले, आणि तळव्यांच्या त्या आगीने मला थेट सिनाईच्या डोंगरावर नेलं.

तेव्हा मी दुबईत राहायचे, तिथे नवीन होते. आई मुंबईहून आली होती, म्हणून आम्ही दोघी इजिप्त बघायला गेलो. मूसा पैगंबरांना देव भेटला तो हा डोंगर, हे कळताच आईने पायथ्याशीच चपला काढल्या. "देवाच्या डोंगरावर चपला घालून जातात का?" मलाही काढायला लावल्या. पहाटे दगड गारेगार होते. उतरताना मात्र ते असे तापले की पाऊल टाकवेना. सोबतचा वाटाड्या आमच्या चपला आणायला खाली पळाला. वरही जाता येईना, खालीही. एका खडकाची सावली तेवढी होती, तीही आक्रसत चाललेली. आईने मला आत सरकवलं आणि स्वतःचे पाय उन्हात पसरले.

"अगं, पाय आत घे ना!"

"राहू दे. गुडघे शेकायला बरं वाटतंय."

इतकी वर्षं मला ते खरंच वाटत होतं.

शेवटी दार उघडलं. "मम्मा, व्हॉट आर यू डूइंग?" म्हणत मुलगा अनवाणीच बाहेर येणार, तोच मी त्याला आत ढकललं.

"काही नाही रे. जरा पाय शेकत होते."