खुब्याचं दुखणं

चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवण्यात त्याची तीस वर्षं गेली. दुकानात दिवसभर मान खाली, तोंड बंद. रविवारी सकाळी मात्र तो बॅडमिंटन खेळायला जायचा. तिथे सगळे त्याला 'भिंत' म्हणायचे, कारण कसंही मारलं तरी शटल परत यायचंच. जोडीदार अकरा वर्षं एकच, एक उंचापुरा बसचालक.

त्या रविवारी जाळीजवळचं शटल उचलायला तो झेपावला, घामाने ओल्या झालेल्या फरशीवर पाय सटकला आणि तो कुशीवर आपटला. उठायला गेला तर डोळ्यांपुढे अंधारी आली. डावा पाय बाहेर वळला होता, आखूडही दिसत होता.

हॉस्पिटलात चालक सोबत आला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "पेशंटचं पूर्ण नाव?"

चालक ओशाळला. "आम्ही भिंतच म्हणतो हो त्यांना."

नाव शेवटी स्ट्रेचरवरून त्यानेच सांगितलं. नातलग म्हणून परगावच्या ताईचा नंबर दिला.

"येऊ का रे?" ताईने फोनवर विचारलं.

"कशाला? तुझे गुडघे सांभाळ. किरकोळ आहे."

किरकोळ कसलं, खुब्याचं हाडच मोडलं होतं. डॉक्टरांनी सांधा बदलला. म्हणाले, "चालाल मजेत, पण बॅडमिंटन विसरा."

पहिल्या आठवड्यात कोर्टावरची मंडळी येऊन गेली. घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर आळीपाळीने बसली. नंतर ग्रुपवरचे मेसेज तेवढे येत राहिले: उद्या कोण कोण?

तीन महिन्यांनी काठी टेकत तो कोर्टावर गेला. त्याच्या जागी कुणी नवा खेळत होता, आणि चांगला खेळत होता. चालकाने खुर्ची ओढून दिली, "आलोच हं," म्हणाला आणि सर्व्हिस करायला पळाला. एक डाव बघून तो काठी टेकत निघाला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

राहता राहिली फिजिओथेरपीवाली. मंगळवारी आणि शुक्रवारी हॉस्पिटलात ती त्याचा पाय हातात धरून हळूहळू वाकवायची, सासूच्या तक्रारी सांगायची, "काका, जेवलात ना?" विचारायची. दुकानात महिनाभरात बोलला नसेल इतकं तो त्या अर्ध्या तासात बोलायचा.

एका शुक्रवारी ती म्हणाली, "काका, झालात पास! पुढच्या आठवड्यापासून यायला नको."

तो छताकडे बघत म्हणाला, "अजून दुखतं गं."

"कुठे? इथे?"

"हो."

"की इथे?"

"तिथेही."

खरं तर कुठेच दुखत नव्हतं. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि कार्डावर आणखी सहा खेपा लिहिल्या.